आवाज मरतो तिकडे

४ नोव्हेंबर

काका,

अक्षर ओळखलंत का? बाबांच्या रेडिओच्या दुकानात तुमच्या सर्किटच्या कागदांवर कोंबड्या काढून ठेवायची ती मी, चिंगी. अकरा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितेय ती काम घेऊन. हवं तर रागवा, पण पत्र पुरतं वाचा. फोनच करणार होते. पण काकू मागे भेटल्या तेव्हा म्हणाल्या की फोनवर तुम्हाला काही कळत नाही, दोनदा "बरं, बरं" म्हणता आणि ठेवून देता.

आई गेल्यावर बाबांना मी माझ्याकडे आणलं, त्याला दोन वर्षं झाली. मागची खोली त्यांना दिलीय. पलंग, टेबल, लोखंडी कपाट आणि एक खिडकी. दुकानातलं सगळं विकलं तेव्हा त्यांनी एकच वस्तू बरोबर आणली, चामड्याच्या तपकिरी पिशवीतला तो लहान रेडिओ. अलीकडे दिवसभर तोच मांडीवर नाहीतर टेबलावर असतो. त्यांना हवं असतं तुमच्याकडचं स्टेशन, तुमच्या दुकानामागे ज्याचा टॉवर दिसतो ते. इथे ते धड येत नाही. सकाळी थोडा वेळ आणि दिवेलागणीला थोडा वेळ कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, बाकी नुसती खरखर. शेजारच्यांनी ट्यूबलाइट लावली की तेवढंही बुडतं.

इथला रेडिओवाला म्हणतो, लांबचं स्टेशन आहे, सेट जुना आहे, सोडून द्या. मला ते पटत नाही. रेडिओत काय केलं तर ते स्टेशन नीट लागेल, एवढं सांगा. बाबांची तब्येत तशी बरी आहे, जरा नरमगरम चालू असतं. मी तुम्हाला लिहितेय हे त्यांना सांगितलेलं नाही.

तुमची,
चिंगी


११ नोव्हेंबर

चिंगे,

कोंबड्यांचे कागद अजून आहेत. एका कोंबडीला पाच पाय आहेत, त्यावरून तू पुढे जाऊन छापखान्यात प्रूफं तपासशील असं कोणाला वाटलं नसतं.

आधी माझं ऐक. "बाबांना सांगितलेलं नाही" हे कोणाला सांगतेस? दादाचा स्वभाव मी जन्मापासून ओळखतो. स्वतः लिहायचं नाही, पोरीला पुढे करायचं. त्याला म्हणावं, दोन ओळी खरडायला हात मोडला होता का? भर दुकानात गिऱ्हाइकासमोर मी जुळवलेला सेट उघडून पुन्हा जुळवताना, आणि "याला आता ऐकू येत नाही, सेट माझ्याकडेच देत जा" म्हणताना त्याला कोणाच्या मध्यस्थीची गरज लागली नव्हती. त्या दिवशी मी पायरी उतरलो तो उतरलो.

असो. रेडिओने माझं काही वाकडं केलेलं नाही, म्हणून सांगतो.

एक, लोखंडी कपाटापासून रेडिओ चार हात लांब ठेव. दोन, ट्यूब, टीव्ही, फ्रिज यांच्या भिंतीला टेबल नको. तीन, आणि हे मुख्य. त्या रेडिओत वरच्या बाजूला, लांबीच्या दिशेने, काळी काडी आहे, पेन्सिलीएवढ्या जाडीची. मीडियम वेव्हचं सगळं तीच गोळा करते. बाहेर ओढायची अँटेना असते तिचा इथे उपयोग नाही, ती कितीही उंच कर. ती काडी स्टेशनकडे आडवी हवी, म्हणजे रेडिओचा रुंद चेहरा किंवा पाठ स्टेशनकडे हवी. आवाज सर्वांत मोठा होईल तिथे थांब, टेबलावर खडूने खूण कर, आणि मग जागा बदलू नकोस.

हे तुझ्या बाबाला येत नाही असं नाही. माझ्याहून चांगलं येतं. मग तो गप्प का बसलाय?

काका


२० नोव्हेंबर

काका,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा "हात मोडला होता का" या ओळीवर अडले. आता लपवून उपयोग नाही.

ऑगस्टमध्ये बाबांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेले. बोलणंही गेलं. नुसतं "हा" म्हणतात, होकाराला हा आणि नकारालाही हाच. समजतं सगळं, निदान डॉक्टर तसं म्हणतात. डाव्या हाताने पेन्सिल धरून बघितली, पण रेघोट्यांपलीकडे जात नाही. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही आजारी माणसाला बघायला म्हणून आला असतात, आणि ते त्यांना सोसलं नसतं असं मला वाटलं. चुकलं असेल माझं.

रेडिओचं तुम्ही सांगितलंत तसं केलं. कपाटापासून लांब नेला, टेबल खिडकीशी घेतलं, खडूने खूण केली. खूपच फरक पडला. सकाळच्या बातम्यांतलं निम्मं तरी कळतं. फक्त एक अडचण आहे. बाबांचा डावा हात सारखा रेडिओवर असतो आणि तो हात लागून रेडिओ फिरतो. मी कामावर जाताना नीट ठेवून जाते, आल्यावर बघते तर भलतीकडे तोंड आणि नुसती खरखर. मी पुन्हा खुणेवर आणते. ते माझ्याकडे बघत राहतात. लहान मुलाच्या हातातलं खेळणं काढून घेतल्यासारखं वाटतं मला तेव्हा, पण करू काय?

चिंगी


२९ नोव्हेंबर

चिंगे,

मी तसं लिहायला नको होतं. ते पत्र त्याला वाचून दाखवलं नसशील अशी आशा आहे. दाखवलं असशील तर त्याला सांग की भाऊ गाढव आहे. हे त्याला नवीन नाही.

यायचं म्हणशील तर माझा गुडघा धरलाय आणि दिवसभराची बस मला झेपायची नाही. काकू म्हणते, गुडघा वगैरे सगळी सोंगं आहेत. तिला काय कळतंय.

पण मी स्वस्थ बसलेलो नाही. सोबत खोक्यात एक गँग पाठवतोय, म्हणजे स्टेशन लावायची ॲल्युमिनियमच्या पात्यांची जुडी, जुन्या वाल्व्हच्या सेटमधली. हिचं काय करायचं ते नीट वाच. दीड-दीड हात लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या घे, अधिकच्या चिन्हासारख्या मधोमध जोड. चारी टोकांना खाचा पाड. त्या खाचांतून साधी प्लास्टिकची बारीक वायर गुंडाळायची, अकरा वेढे, वेढ्याला वेढा चिकटू न देता. वायरची दोन टोकं गँगच्या दोन कानांना डाख लावून जोड. झालं. रेडिओला काही जोडायचं नाही. रेडिओ उघडायचासुद्धा नाही. हा चौकोन टेबलावर उभा कर, त्याची कड स्टेशनकडे. रेडिओ त्याच्या पोटाशी ठेव, रेडिओची काडी चौकोनाला छेदून जाईल असा. मग रेडिओवर स्टेशन लाव आणि गँगचा खुंटा हळूहळू फिरव. एका जागी आवाज एकदम उसळेल. तुझा विश्वास बसणार नाही.

आणि हात लागून रेडिओ फिरतो म्हणालीस, त्यावर सोपा उपाय. खाली एक फळी घे, तिच्यावर चौकोन पक्का कर, आणि रेडिओच्या दोन्ही बाजूंना दोन लाकडी ठोकळे स्क्रूने ठोक. मग दादाने कितीही हात लावला तरी जागचा हलायचा नाही.

काका


१८ डिसेंबर

काका,

झाला! आमच्या ह्यांनी पट्ट्या कापल्या, वेढे मी घातले. पहिल्यांदा बारा झाले, प्रूफं तपासणाऱ्या बाईला अकरा मोजता येत नाहीत म्हणून हे दिवसभर चिडवत होते. एक वेढा काढला. डाख लावताना बोट भाजलं. संध्याकाळी सव्वासहाला बाबांच्या खोलीत टेबलावर मांडला आणि खुंटा फिरवला. काका, आवाज खरंच उसळला. निवेदिका श्वास घेते तोसुद्धा ऐकू आला. तिने तुमच्याकडचं उद्याचं हवामान सांगितलं, कोणत्या रस्त्यावर काम चालू आहे ते सांगितलं. आम्ही दोघं वेड्यासारखे हसायला लागलो.

बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. घळाघळा, थांबेचना. झटक्यानंतर रडू लवकर येतं म्हणतात, पण हे आनंदाचंच असणार. मी त्यांचा हात हातात घेतला तर त्यांनी सोडवून घेतला आणि रेडिओवर ठेवला. ठोकळे छान बसलेत, रेडिओ तसूभरही हलत नाही. ते डाव्या हाताने त्याला ढकलून बघतात, जोर लावतात आणि "हा, हा" करतात. आठवडाभर हेच चाललंय. आवाज अजून हवाय का? असं विचारलं की हा. कमी करू का? तरी हाच.

काका, एकदा याल का? गुडघा मी इथल्या डॉक्टरांना दाखवीन.

चिंगी


२७ डिसेंबर

चिंगे,

तुझं पत्र काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला ऐकू येतं, ओरडू नका.

मी खोटं बोलणार नाही. मला फार बरं वाटलं. मी पाठवलेल्या गँगवर दादा माझ्या गावचं स्टेशन ऐकतोय. भल्या मोठ्या दुकानाचा मालक, आणि त्याला लावून कोण देतंय, तर ज्याला ऐकू येत नाही तो. मनात म्हटलं, आता कळलं असेल. हे तुला लिहायला नको, पण सत्तरीला टेकलेल्या माणसाने मनात तरी किती साठवायचं.

आता त्याला जे हवंय ते सांगतो. त्याचे कान फार तिखट. सेट जुळवताना मला जिथे ठीक वाटायचं तिथून तो आणखी पाव आटा फिरवायचा. त्याला तुझ्या चौकोनाचा आवाज कमीच पडत असणार. मोठा चौकोन कर, दोन-दोन हातांच्या पट्ट्या घे. वेढे मग आठ पुरतील. वायर जरा जाड घे. आणि ठोकळे ढिले होऊ देऊ नकोस, वाटल्यास वरून एक पट्टीही ठोक.

येण्याचं बघू. थंडी कमी झाली की बघू. दादाने बोलावलं असतं तर गोष्ट वेगळी.

काका


१५ जानेवारी

काका,

वरून पट्टी तेवढी ठोकली होती, मोठा चौकोन केला नाही. कारण लिहिते.

मागच्या सोमवारी मी कामावरून आले तर बाबांच्या डाव्या हाताची सालटं निघालेली होती. पट्टीखाली बोटं घालून ती उचकटायला बघत होते. ठोकळ्यावर रक्त होतं. मी तिथेच बसून रडले आणि मग पेचकस आणून सगळं काढून टाकलं, पट्टी, ठोकळे, चौकोन, फळी. तुमची गँग पुसून डब्यात ठेवली आहे. तुम्हाला वाईट वाटेल, पण माझ्याच्याने आता होत नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता त्यांच्या कलाने घ्या. तेव्हापासून रेडिओ नुसता टेबलावर असतो, पहिल्यासारखा. आणि ते पहिल्यासारखाच तो फिरवतात. काका, मला वाटतं त्यांचं भान चाललंय. सकाळी स्टेशन लागलं की डाव्या हाताने रेडिओ टेबलावर हळूहळू सरकवत फिरवतात. आवाज कमी कमी होतो आणि शेवटी पार जातो, खरखर तेवढी उरते. रेडिओची अरुंद बाजू कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्याकडे होते. तिथे थांबतात. हात त्याच्यावर ठेवतात आणि त्या कोपऱ्याकडे बघत बसतात, तास तास. कोपऱ्यात काही नाही, भिंत आहे. मी आल्यावर मला बघून "हा" म्हणतात आणि रेडिओच्या टोकावर बोट आपटतात. मी म्हणते, हो बाबा, बिघडलाय, आणि नीट करून देते. की पुन्हा तेच.

रेडिओच्या खालच्या पायांनी टेबलाच्या पॉलिशवर कमानीसारखे ओरखडे उठलेत. परवा मी त्यांना त्यावरून बोलले. आजारी माणसाला टेबलावरून बोलले, किती खालची पातळी गाठली मी. मग वर तेलकापड घातलं.

तुमचं येणं राहू द्या काका. तुम्ही याल तेव्हा ते तुम्हाला ओळखतील की नाही, आता सांगता येत नाही.

चिंगी


२२ जानेवारी

चिंगे,

हे पत्र मिळेल त्या क्षणी दादाच्या खोलीत जा आणि तेलकापड काढ. रेडिओला हात लावू नकोस. त्याने जसा ठेवलाय तसा राहू दे. आवाज येत नसला तरी राहू दे. त्याचं भान गेलेलं नाही. भान आपलं गेलं होतं, माझं सर्वांत आधी.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट आहे. मिठागरांच्या पलीकडे एका व्यवस्थापकाच्या बंगल्यावर सेट दुरुस्त करायला आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो होतो. परत येताना धुकं उतरलं. तिथे सगळं सपाट, पांढरं, ना झाड ना खांब. रस्ता कधी सुटला कळलं नाही. तासभर गोल गोल फिरलो आणि आपल्याच चाकांच्या खुणा परत दिसल्या. दादाने स्कूटर थांबवली. पिशवीतून हाच रेडिओ काढला, सीटवर ठेवला, आपल्या गावचं स्टेशन लावलं आणि रेडिओ फिरवायला लागला. मला वाटलं, हा घाबरून गाणी ऐकतोय. गाणं बारीक होत होत बंद पडलं तिथे तो थांबला.

काडी आडवी असली की आवाज सर्वांत मोठा, हे मी तुला शिकवलं. पण मोठा आवाज मोघम असतो, थोडं इकडे तिकडे फिरवलं तरी फरक कळत नाही. काडीचं टोक बरोबर टॉवरकडे झालं की मात्र आवाज मरतो, आणि ती जागा बोटभरसुद्धा चुकत नाही. दादा म्हणाला, "आवाज मरतो तिकडे घर." मी विचारलं, "काडीला टोकं दोन, यातलं कुठलं घराकडे?" तो म्हणाला, "तू बरोबर आहेस ना? चुकलो तर दोघं चुकू." अर्ध्या तासात टॉवरचा लाल दिवा दिसला.

तुझ्या घरून तो कोपरा कुठल्या दिशेला आहे ते मला माहीत नाही, पण मी पैजेवर सांगतो की तो माझ्याकडे आहे. टॉवर माझ्या दुकानामागे आहे. दादाला ना बोलता येतं, ना लिहिता. त्याच्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती जी जगात फक्त मला कळली असती. ती तो रोज सकाळी करत होता, तुला बोट आपटून दाखवत होता, आणि मी इथून ठोकळे ठोकायला सांगत होतो.

त्याने मला बोलावलं नाही असं मी लिहिलं होतं. ऑगस्टपासून बोलावतोय तो.

आणि एक. त्या दिवशी दुकानात तो खरं बोलला होता. माझे कान तेव्हाच जायला लागले होते आणि ते मी सगळ्यांपासून लपवत होतो. आता मी सेट कानाने जुळवत नाही, मीटरची सुई बघून जुळवतो. राग आला तो त्याच्या बोलण्याचा नव्हता, त्याला कळलं याचा होता. हे त्याला मी तोंडाने सांगणार आहे. शनिवारच्या बसचं आरक्षण केलंय. गुडघ्याला काही झालेलं नाही.

तोवर त्याला एवढंच सांग, काकाला आवाज मरतो ती जागा कळली.

काका


तार, २३ जानेवारी

बाबा आज सकाळी सात वाजता गेले. चिंगी


२ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र सव्वीस तारखेला आलं. तार तुम्हाला चोवीसला मिळाली असेल. शनिवारी मी दारात उभी होते. बस येऊन गेली, रिक्षा दिसली की वाटायचं तुम्ही असाल. रविवारीही वाट पाहिली. तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. मी कुठल्या तोंडाने देऊ?

बाबांनी त्या सकाळी साडेसहाला स्टेशन लावलं होतं. मी चहा घेऊन गेले तेव्हा रेडिओ फिरवून झाला होता आणि हात त्यावर होता. मी कप ठेवला, त्यांचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि रेडिओ तेलकापडावरूनच अंदाजाने खुणेच्या जागी आणला. आवाज मोठा आला. त्यांनी या वेळी परत फिरवला नाही. मला वाटलं, बरं झालं, आज ऐकतायत. वीस मिनिटांनी मी कप न्यायला गेले तर चहा तसाच होता आणि बाई हवामान सांगत होती.

तुमचं पत्र वाचून तेलकापड काढलं. दोन-अडीचशे ओरखडे असतील, एकात एक. खुणेपासून निघतात आणि सगळे एकाच जागी संपतात. बोटभरसुद्धा चुकलेले नाहीत. हे पाणीपुरवठ्याच्या मोजणीत असतात, त्यांनी ऑफिसातून होकायंत्र आणि मोठा नकाशा आणला. ओरखड्यांच्या टोकांना पट्टी लावून दिशा घेतली आणि आमच्या घरापासून नकाशावर रेघ ओढली. रेघ नदी ओलांडून, मिठागरांवरून तुमच्या गावात गेली. हे पेन्सिल ठेवून बाहेर गेले.

माझा सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला, काका. पाच महिने माझे वडील रोज एकच वाक्य लिहीत होते आणि मी रोज ते खोडत होते.

मला तुमच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही का आला नाहीत एवढं कळवा.

चिंगी


९ फेब्रुवारी

चिंगे,

शनिवारी मी आणि काकू स्टँडवर गेलो होतो. बस लागली, माझी पिशवी काकूने वर ठेवलीसुद्धा. मी पायरीपर्यंत गेलो आणि पाय उचलेना. ज्याच्याशी बोलायला निघालो होतो तो नाही, मग बोलायचं कोणाशी, असं काहीतरी डोक्यात आलं. काकूने पिशवी उतरवून घेतली. अकरा वर्षांपूर्वी पायरी उतरलो आणि आता पायरी चढलो नाही, एवढाच माझा पराक्रम.

तू स्वतःला बोल लावू नकोस. तू खोडलंस ते तुला वाचता येत नव्हतं म्हणून. वाचता येणारा इथे बसून तुला खोडायचं कसं ते शिकवत होता. चूक कोणाची ते मला नीट कळतं, त्याला कान लागत नाहीत.

परवा दुकानात एकटा असताना मी तसलाच एक लहान सेट घेतला. म्हटलं, दादा रोज करायचा ते एकदा करून बघावं. तुझ्या गावात स्टेशन नाही, त्यामुळे माझ्याकडून त्याची दिशा काढता येणार नाही हे माहीत होतं. निदान आपलं स्टेशन लावून आवाज मारून बघू, एवढंच. ऐकू नीट येत नाही म्हणून तळहात स्पीकरवर ठेवला. जाळी थरथरते ती हाताला कळते. फिरवला. पुन्हा फिरवला. पूर्ण एक फेरी झाली, दुसरी झाली, थरथर थांबेना. मग लक्षात आलं, टॉवर पाठीशीच आहे. इतक्या जवळ आवाज मरतच नाही, सगळीकडून येतो. चाळीस वर्षं या धंद्यात काढली आणि दिशा बघायची तर लांब जावं लागतं हे मला आता कळलं. संध्याकाळपर्यंत तसाच हात ठेवून बसलो. काकू जेवायला बोलवायला आली तेव्हा तिने सेट बंद केला.

येत्या शनिवारी मी येतोय. या वेळी काकू बरोबर आहे, ती मागून ढकलणार आहे. तुमच्या घरी त्याच्या खुर्चीत बसून सकाळी साडेसहाला मी तो रेडिओ त्या ओरखड्यांवरून फिरवणार आहे, शेवटापर्यंत. आवाज मरेल आणि टोक बरोबर माझ्या दुकानाकडे जाईल. दुकानाला त्या दिवशी कुलूप असेल.

टेबलाला पॉलिश करू नकोस.

तुझा,
काका